घरबसल्या आयआयटी : नवशिक्यांसाठी सूचना

सर्वप्रथम नाव नोंदवा. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सेसच्या पोर्टलवर नाव घालायला पैसे पडत नाहीत, जेईई द्यावी लागत नाही, कोट्याला खोली घ्यावी लागत नाही. म्हणून एका कोर्सवर थांबू नका. मशीन लर्निंग घ्या, पायथन घ्या, जाता जाता सॉफ्ट स्किल्सही टाका. 'जॉइन' हे बटण दाबल्यावर अंगात जे ज्ञान संचारतं, ते पुढच्या बारा आठवड्यांत पुन्हा संचारेलच असं नाही. तेवढ्यात लिंक्डइनवर लिहून टाका.

आपल्याबरोबर किती जण आहेत या विचाराने दबून जाऊ नका. ते फार दिवस नसतात. २०१२ साली एमआयटीने सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला खुला कोर्स काढला, तेव्हा सुमारे १,५५,००० लोकांनी नावं घातली आणि ७,१५७ जण पास झाले. त्याच्या आदल्या वर्षी स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गाला १,६०,००० जण जमले होते. त्या गर्दीने थ्रुन यांना एवढा हुरूप आला, की पन्नास वर्षांत जगात उच्च शिक्षण देणाऱ्या जेमतेम दहा संस्था उरतील, असं भाकीत त्यांनी केलं. २०१३ साली, आपला माल बऱ्याचदा सुमार निघतो, हेही त्यांनीच कबूल केलं. कुलगुरूंनी तोवर घाबरून घेतलं होतं. असो. आपण नवशिके आहोत, आपल्याला संस्था बुडवायच्या नाहीत, तीन क्रेडिट हवे आहेत.

आता व्हिडिओ. पहिलं व्याख्यान वही-पेन घेऊन, मन लावून ऐका. दुसरं दीडपट वेगाने. तिसऱ्यापासून व्हिडिओ चालू ठेवून जेवायला हरकत नाही. नव्या वहीचं पहिलं पान जसं मोत्याच्या अक्षरात असतं, तशी या कोर्सची पहिली दोन व्याख्यानं असतात. युट्यूबवर कुठल्याही 'एनपीटेल'च्या, म्हणजे 'स्वयम्'वर आयआयटीचे कोर्स आणणाऱ्या उपक्रमाच्या, कोर्सच्या पहिल्या आणि चाळिसाव्या व्याख्यानाचे व्ह्यूज ताडून पाहा, म्हणजे आपण एकटे नाही हे समजून धीर येईल.

असाइनमेंट हा मात्र गंभीर विषय आहे. दर आठवड्याला एक असते आणि मुदत बहुधा बुधवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी संपते. त्यामुळे बुधवारी अकरापर्यंत तिच्याकडे बघू नये. अकरा वाजता टेलिग्राम उघडावा. तिथे उत्तरं आलेली असतात. एक जण 'बी, शंभर टक्के' म्हणतो, दुसरा 'सी, कन्फर्म' म्हणतो. अशा वेळी ज्याच्या डीपीत चष्मा आहे त्याचं ऐकावं. साइट लोड होत नसेल तर कॉलेजात या कोर्सेसची जबाबदारी ज्यांच्यावर ढकललेली असते त्या 'स्पॉक' सरांना मेसेज टाकावा : "सर, लिंक ओपन होत नाहीये." सर त्या वेळी बहुधा झोपलेले असतात, पण मेसेज पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

बारांपैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंटचेच गुण धरतात. म्हणजे चार आठवडे माफ. जुलैच्या सत्रात गणपती, नवरात्र आणि चुलतभावाचा साखरपुडा एवढ्यात बसतो. या गुणांचा वाटा २५, बाकी ७५ गुण केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. फुकटपणा इथे संपतो, कारण परीक्षेला फी आहे. पण खरं शिक्षणही फी भरल्यावरच सुरू होतं, हे नोंदवून ठेवा. घरातून हजार रुपये मागून घेतले, की आई रोज विचारते, "झाला का रे तुझा तो कोर्स?" इतका नेटाचा पाठपुरावा एकाही प्लॅटफॉर्मला जमलेला नाही.

कॉलेजच्या बाजूनेही पाहा. यूजीसीने २०१६ मध्ये 'स्वयम्'वरून २० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायला परवानगी दिली, २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. ज्या विषयाला शिक्षक नाही तो विषय कोर्सवर टाकायचा, हा मोह कुणालाही व्हावा. जागा भरायचा खर्च वाचतो आणि नॅकच्या फाइलीत एक कागद वाढतो.

शिक्षकाशिवाय कसं चालेल, असं विचारलं की एक उदाहरण नेहमी तोंडावर फेकलं जातं, म्हणून ते नीट माहीत असलेलं बरं. एमआयटीच्या त्या पहिल्या कोर्सात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या ३४० जणांत उलानबाटरचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. मंगोलियातला मुलगा घरबसल्या एमआयटी शिकला, असं सांगतात. पण त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते. हा कोर्स शाळेत त्यांनी लावला, आणि प्रयोगाचं सामान घेऊन स्टॅनफर्डचा एक संशोधक विद्यार्थी मुलांना शिकवायला तिकडे जाऊन राहिला. म्हणजे व्हिडिओ अमेरिकेतून आला, तरी शेजारी मास्तर होताच. गोष्ट सांगताना नेमका मास्तर गळतो.

तेव्हा नवशिक्यांनो, एवढं एक करा. नाव घालण्याआधी तोच विषय घेणारी दोन माणसं शोधा आणि रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी बसा. स्पॉक सरांना उत्तरं विचारू नका, शंका विचारा. आजवर त्यांना कुणी विचारलेली नसेल, तर ते खूशही होतील. आणि बारांपैकी निदान आठ असाइनमेंट टेलिग्राम न उघडता सोडवा.