चार फुटांत कनेरगावचा उन्हाळा

सिडनी, आषाढ

ती. आबा व ती. सौ. आईस,

लेक, जावई आणि नातवंडांचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

सिडनीच्या घरात नवीन पाहुणा येणार, एवढंच आईनं फोनवर ऐकलं आणि कनेरगाव नाक्यावर डिंकाच्या लाडवांची तयारी सुरू झाली, असं वहिनीकडून कळलं. तरी आधी खुलासा. येणारा पाहुणा सरडा आहे. लाडू मात्र थांबवू नयेत. पाहुण्याच्या घरासाठी फळ्या आणि फरश्या उचलून जावयांची कंबर धरली आहे, त्यांना ते लागतील.

सरड्याचं नाव बिअर्डेड ड्रॅगन. ड्रॅगन म्हटलं की आग ओकणारं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. हा मात्र दिवसाचा बराच वेळ उन्हात पडून असतो. आपल्या शेताच्या कुंपणावर मान वर करून बसणारा सरडा आणि हा अ‍ॅगॅमिडी या एकाच कुळातले, म्हणजे भाऊबंदच. फरक इतकाच, की याचं मूळ गाव ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात. शेपटीसकट तो दोन फुटांच्या आसपास जातो आणि नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो. आज तिसरीत असलेला तुमचा नातू तोवर कॉलेजात गेलेला असेल. मग सरड्याला खाऊपिऊ कोण घालणार, हे आईनं ओळखलंच असेल. तुमच्या लेकीनंही ओळखलं आहे.

इथं न्यू साउथ वेल्स राज्यात सरडा पाळायचा तर सरकारी परवाना लागतो. रानातून धरून आणायला बंदी. परवाना असलेल्याकडूनच तो घ्यायचा आणि कुठून आला, कधी आला याची नोंद ठेवायची. परवाना जावयांच्या नावावर निघाला. "म्हंजे सरड्याचा सातबारा झाला म्हण की," असं आबा म्हणाले, ते जावयांनी अजून मनाला लावून घेतलेलं आहे. पुढच्या खेपेला येताना असाच एक घेऊन या, ही आबांची फर्माईश मात्र पुरी होणार नाही. इथले वन्यजीव व्यापारासाठी बाहेर पाठवायला ऑस्ट्रेलियानं १९६० च्या दशकातच मनाई केली. आणि हे पत्र पारावर वाचून दाखवलं, तर गल्लीतल्या पोरांना एवढं आवर्जून सांगावं, की उत्साहाच्या भरात कुणी घोरपड धरून आणू नये. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला पहिल्या अनुसूचीत बसवलं आहे. तिच्यापायी थेट कोठडीच.

आता मुख्य विषय, पाहुण्याचं घर.

जावयांचा पहिला बेत स्वस्तातला होता. माशांची जुनी काचपेटी खिडकीत ठेवायची, तळाला लाल वाळू पसरायची, विजेवर तापणारा एक दगड ठेवायचा आणि रात्रीसाठी लाल दिवा. नातवानं वाचनालयातून पुस्तक आणलं आणि जेवणाच्या टेबलावर एकेक वस्तू रद्द करत गेला. खिडकीतल्या उन्हानं काचपेटीची भट्टी होते, आणि उन्हातला जो भाग सरड्याला खरा हवा तो काच अडवून धरते. म्हणजे ताप सगळा, फायदा शून्य. तापत्या दगडावर बसून पोट भाजलेले सरडे डॉक्टरांकडं येतात, म्हणून तो नको. रात्री त्याला अंधार लागतो, म्हणून लाल दिवाही नको. वाळूचा निकाल सर्वांत शेवटी लागला. पिल्लू किडा पकडताना वाळूही गिळतं आणि ती आतड्यात अडकू शकते. जावई एवढंच म्हणाले, की या घरात आपलं काही चालत नाही.

मग पेटी ठरली चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. बाजू लाकडी, पुढं काचेची सरकती दारं, हवेला जाळ्या. तळाला खडबडीत काळी फरशी, नखं झिजायला बरी. शहाबादी मिळाली असती तर आबांना बघून बरं वाटलं असतं, पण इथं ती कुठली! निजायच्या कोपऱ्यात कागद अंथरायचा होता. तिथं हळदीच्या बरण्यांना गुंडाळून तुम्ही पाठवलेला पेपर कामी आला. पाहुणा आता हिंगोली बाजारातले हळदीचे भाव पोटाखाली घेऊन झोपेल.

पेटी झाली, पण खरं काम आत हवामान तयार करण्याचं. या प्राण्याचं अंग आतून तापत नाही. ऊब बाहेरून घ्यायची आणि पुरे झाली की बाजूला सरायचं, यावरच त्याचं पचन आणि हालचाल चालते. म्हणून एका टोकाला वरून दिवा आणि त्याखाली दगडाची बैठक. ती बैठक ४० ते ४२ अंशांपर्यंत तापली पाहिजे. दुसरं टोक २५ च्या आसपास. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात कनेरगावचा पारा ४२ वर गेला तेव्हा जावयांनी कूलरपुढची जागा दोन वेळच्या जेवणापुरती सोडली होती. तेच जावई हल्ली इथल्या कडाक्याच्या थंडीत, अंगात दोन स्वेटर घालून, तेच ४२ अंश वीजबिल भरून तयार करतात आणि दगडावर तापमापक रोखून "अजून दीड अंश कमी" म्हणून हळहळतात.

दुसरा दिवा नळीचा. तो ऊब देत नाही, उन्हातले अतिनील किरण देतो. ते अंगावर पडले की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि मग कुठं खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागतं. नाहीतर हाडं मऊ पडतात, जबडा सुजतो, पाय वाकतात. तान्ह्या नातवंडांना आई कोवळ्या उन्हात धरायला लावायची, त्यामागचं शास्त्रही हेच. या नळीचा एक खोडसाळपणा आहे. वर्षभरात तिचे किरण मंदावतात, पण उजेड पहिल्यासारखाच दिसत राहतो. त्यामुळं ती बदलायची तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवली आहे, संकष्टीच्या चौकोनात.

सगळं लावून झाल्यावर व्हिडिओ कॉलवर आबांना पेटी दाखवली. दोन्ही दिवे लख्ख, दगडावर सपाट फांदी, सगळं चकाचक. आबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "काहून रे, सावली कुठं हाय?"

सगळे गप्प झाले. आबांनी सरडा पाळण्याचं पुस्तक वाचलेलं नाही, पण उभा जन्म शेतात काढला आहे. सकाळी सरडा कुंपणाच्या शेंड्यावर असतो, ऊन चढलं की खाली पाल्यात उतरतो, उतरतीला पुन्हा वर येतो, हे त्यांनी न मोजता पाहिलेलं. पेटीत उन्हाचा थाट पुरेपूर होता, सावलीपुरता आडोसा मात्र नव्हता. दुसऱ्याच दिवशी थंड टोकाला अर्धगोल सालीचा बोगदा आला, मध्ये एक तिरपी फांदी आली आणि पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात नेमकं तेच लिहिलं असल्याचं नातवानं जरा उशिरा जाहीर केलं.

पाहुणा अजून आलेला नाही. रिकामी पेटी आधी काही दिवस चालवून बघायची असते. दिवे सकाळी लागतात, रात्री विझतात, वहीत दोन्ही टोकांचं तापमान चढतं. नात त्या रिकाम्या दगडाला रोज गुड मॉर्निंग म्हणते. पेटी एकाच सरड्यासाठी आहे. दोन ठेवले तर दांडगा उबेची जागा बळकावतो आणि दुसरा खंगतो. भावकीत बांधावरून काय होतं हे आबांना सांगायला नको.

खाण्याचं ऐकून माळकरी आईनं मन घट्ट करावं. पिल्लाला मुख्यतः किडे लागतात, मोठेपणी पालेभाजी वाढत जाते. इथं रातकिडे आणि झुरळं डब्यात भरून दुकानात विकत मिळतात. त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवायची आणि द्यायची. घरातली झुरळं मारायला औषध आणि सरड्यासाठी झुरळं, दोन्हींची पावती महिन्याच्या एकाच हिशोबात येईल. पालक रोज द्यायचा नाही, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. लाल भोपळ्याचा कीस चालतो. सरड्याच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून हात लावला की साबणानं धुवायचे आणि त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत आणायची नाहीत. हा नियम तुमच्या लेकीचा, आणि त्यावर अपील नाही.

आईला आवडेल अशी एक गोष्ट. याच्या डोक्यावर मधोमध तिसरा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, उजेड-अंधार कळतो. वरून सावली पडली की घार आली असं समजून तो दचकतो. म्हणून त्याला उचलताना हात वरून न्यायचा नाही, समोरून किंवा बाजूनं न्यायचा. तिसऱ्या डोळ्याचं ऐकल्यापासून नात पेटीपुढं "औंढा नागनाथ की जय" म्हणते.

बाकी सर्व क्षेम. वहिनीला व पोरांना आशीर्वाद.

तुमची
लेक

ता. क. : आईनं विचारलं होतं, की नर आहे की मादी, आणि नाव काय ठेवलं. रागावला की दाढी फुगवून काळी करतो, दुसऱ्यावर वचक बसवायला मान जोरजोरात हलवतो आणि समोरचा भारी निघाला तर पुढचा पाय उचलून नम्रपणे माघार घेतो, हे वाचून नातवानं नाव 'सरपंच' ठेवलं आहे. नर-मादीचं इतक्या लहान वयात खात्रीनं सांगता येत नाही. शिवाय अंडी ३२ अंशांच्या वर उबली, तर जन्मानं नर ठरलेली पिल्लंसुद्धा मादी होऊन बाहेर येतात. रानात हे घडतं, असं कॅनबेरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं. पण नाव बदलायचं कारण नाही. ग्रामपंचायतीत बायकांना ५० टक्के आरक्षण आहेच.