आठ आऱ्यांचे चाक : वापरण्याच्या सूचना

सर्वांगीण विकास साधायचा तर आधी तक्ता हवा. तक्त्याविना झालेला विकास मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते झालेच नाही, असे आमच्या साडूंचे मत आहे. साडू बँकेतून निवृत्त झाले; ताळेबंद मात्र अजून कामावर आहे.

तक्त्यावर एक चाक काढावे. १९७६ साली अमेरिकेतल्या बिल हेटलर नावाच्या डॉक्टरांनी निरामय जगण्याची सहा अंगे मांडली : शरीर, भावना, बुद्धी, समाज, अध्यात्म आणि व्यवसाय. पुढे इतरांनी त्यांत पैसा आणि परिसर घातला, झाली आठ. जागतिक आरोग्य संघटनेचे १९४८ पासून शरीर, मन आणि समाज या तिघांवर भागते; पण तीन आऱ्यांचे चाक फ्रिजवर शोभत नाही. प्रत्येक आऱ्यावर रोज दहापैकी गुण द्यावेत आणि ठिपके जोडावेत. चाक गोल आले की तुम्ही संतुलित. आठही ठिकाणी दोन-दोनच गुण पडले तरी चाक गोलच येते, हे साडूंसमोर बोलू नये.

शरीर. रोज दहा हजार पावले चालावीत. हा आकडा कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा नव्हे. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावातच तो होता. साडूंना हे सांगून झाले आहे. रात्री पावणेबाराला दोनशे पावले कमी भरली की ते हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात, आणि खालच्या बिऱ्हाडाचे भावनिक अंग बिघडते. खरे तर दम लागेल पण बोलता येईल अशा चालीने आठवड्यात दीडशे मिनिटे चाललात तरी पुष्कळ झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पासष्टीनंतर हात न टेकता खुर्चीतून उठायचा सराव ठेवावा, भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे. म्हातारपणी पडणे महागात जाते, खुब्याचे हाड मोडले तर फारच. याला तक्त्यात रकाना नाही.

अध्यात्म. सकाळी वीस मिनिटे ध्यान. कुकरची तिसरी शिट्टी झाली की आतून मेहुणी ओरडते, "अहो, गॅस बंद करा!" ध्यानस्थ माणसाने उठावे की नाही, याबाबत तक्ता मौन पाळतो. साडूही पाळतात. त्यांच्याकडचे वरण त्यामुळे फार मऊ असते.

बुद्धी. शब्दकोडे सोडवावे. पेनाने.

भावना. रोज स्वतःची विचारावी, दुसऱ्याची विचारू नये. पण ऐकतंय कोण? "आज भावना किती?" साडू दारातूनच विचारतात. मी सहा म्हणतो. "काल सात होती. काय झालं?" काय होणार! तुम्ही आलात.

समाज. आठवड्यातून तीन माणसांशी अर्थपूर्ण संवाद करावा. त्यांतला एक मी, दर मंगळवारी साडेपाच वाजता. चहा बिनसाखरेचा लागतो, बिस्किटे मात्र मोजली जात नाहीत.

इथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. नोव्हेंबर उजाडला की पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना एकेक करून रिक्षात घालून साडू बँकेत नेतात. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. मग बोट पुसा, पुन्हा टेकवा, दुसरे बोट बघा, असा तास जातो. त्या दिवशी पावले भरत नाहीत, ध्यान बुडते, कोडे कोरे राहते. चाक पार चेपलेले येते. गेल्या खेपेस मी विचारले, "निदान समाजाच्या आऱ्यावर किती टाकलेत?"

"शून्य," साडू म्हणाले. "संवाद कुठे झाला? आजींना ऐकूच येत नाही."

पैसा आणि परिसर यांविषयी साडू स्वतः सांगतील. त्यांना थांबवता येत नाही. व्यवसायाच्या आऱ्यावर निवृत्तांनी काय भरावे, याचा खल चालू आहे.

तक्त्याची रंगीत झेरॉक्स त्यांच्याकडे मिळते. प्रत दहा रुपये, नातेवाइकांना सवलत नाही. सुटे पैसे आणावेत, आणि कुकर लावायच्या वेळी जाऊ नये.