आमच्या घरची खाण

2021 च्या फेब्रुवारीत, एका रात्री जेवता जेवता चिरंजीवांनी जाहीर केलं, "बाबा, मी मायनिंग सुरू करतोय."

सौ.चं माहेर गोव्यातलं, सावर्ड्याचं. तिकडे मायनिंग म्हणजे लोहखनिज, नदीच्या धक्क्याकडे निघालेली ट्रकांची रांग आणि लाल धूळ. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तो पांढऱ्या सदऱ्यात. परत आलो तो भगव्यात. दोन दिवसांत जावयाला संन्यास दिला म्हणून आईनं माझ्या सासऱ्यांना बोल लावला होता. 2012 साली तिथल्या खाणी बंद पडल्या, तेव्हा अंगणातला आंबा मुळात हिरवा असतो हे आम्हाला कळलं, असं माझे मेहुणे अजून सांगतात. त्यामुळे 'मायनिंग' हा शब्द कानावर पडताच सौ. एवढंच म्हणाली, "खिडक्या लावून घे मग."

आम्ही बापलेक हसलो. त्या हसण्याची किंमत पुढे दीड वर्ष मी हातात ब्रश धरून फेडली.

चिरंजीवांनी समजावलं ते असं. ही खाण आभासी चलनाची. जगभरच्या व्यवहारांची एक वही आहे आणि ती कुठल्याच बँकेच्या ताब्यात नाही. तिचं पुढचं पान कुणी लिहायचं, यासाठी ठिकठिकाणची यंत्रं एक आकडा ओळखायची शर्यत लावतात. ज्याचा आकडा आधी लागेल त्यानं पान लिहायचं आणि बक्षिसाची नाणी घ्यायची. बिटकॉइनचं पान साधारण दहा मिनिटांनी उलटतं, आपण काढणार त्या इथरचं तेरा-चौदा सेकंदांनी.

"म्हणजे मटका," मी म्हणालो.

"मटका नाही, बाबा. गणित आहे."

"मटकेवालेही हेच म्हणायचे."

एकट्यादुकट्याचा आकडा लागणं कठीण, म्हणून हजारो जणांच्या गटात शिरायचं आणि बक्षीस वाटून घ्यायचं. ही भिशी मला समजली. मी चौतीस वर्षं बँकेत काढली. दहा पैशांच्या फरकापायी रात्री दहापर्यंत वह्या ताडून पाहिल्या, तेव्हा बक्षीस सोडाच, शेवटची बसही मिळत नसे. वही लिहिण्याची नाणी मिळतात हे ऐकून हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

यंत्र आलं. अॅल्युमिनियमचा उघडा सांगाडा आणि त्यात ओळीनं सहा ग्राफिक्स कार्डं, मांडणीत ताटं उभी करावीत तशी. त्या वर्षी या कार्डांची अशी टंचाई होती की दुकानदार छापील किंमत ऐकून हसायचे. प्रत्येक कार्डाला दोन पंखे, म्हणजे बारा पंख्यांचा गाडा. सगळं मिळून आठशे वॉट, रात्रंदिवस. दिवसाला एकोणीस युनिट, महिन्याला पावणेसहाशे. मागच्या खोलीत कुणीतरी इस्त्री चालू ठेवून गावाला गेलंय, अशी ऊब घरभर पसरली.

आणि नेमकी त्याच महिन्यात समोरची सोसायटी पुनर्विकासाला गेली.

पुण्यात पुनर्विकास म्हणजे काय हे पुणेकरांना सांगायला नको. आधी जुनी इमारत हवेत जाते आणि मग ती हवा आपल्या घरात येते. चौथ्या दिवशी कार्डांवर पिठाची चाळण धरल्यासारखा थर. चिरंजीवांनी मोबाइलवर तापमान दाखवलं. आकडा 83 च्या आसपास गेला की हे कार्ड आपण होऊन काम मंद करतं. सरकारी कचेरीत मे महिन्यात जे होतं तेच.

धुळीचं शास्त्र मी तेव्हा शिकलो. कार्डावर पातळ पात्यांची धातूची जाळी असते. चिपची उष्णता त्या पात्यांत उतरते आणि पंख्याचा वारा ती घेऊन जातो. पात्यांमध्ये धूळ बसली की चिपला भर उन्हाळ्यात गोधडी पांघरल्यासारखं होतं. ही झाली कोरडी धूळ. पावसाळ्यात ती ओलावा धरते आणि दमट धूळ फितूर असते. वीज जिथे जायला नको तिथे तिला वाट दाखवते. तिसरी जात सगळ्यांत वाईट : ओशट. आमच्या स्वयंपाकघरातली फोडणी आणि देवघरातला धूप एकत्र येऊन त्या धुळीचा असा मेणचट लगदा झाला की ब्रशच त्याला चिकटून बसला. चिरंजीवांनी धुपावर बंदी घालायचं बोलून दाखवलं. सौ.नं फक्त त्याच्याकडे पाहिलं. विषय संपला.

आता उपाय. पहिला माझा : फुंकर. लहानपणापासून पाटीपासून रेडिओपर्यंत सगळं फुंकून चालू केलेलं. पण या वयात फुंकरीबरोबर थोडी थुंकीही जाते. चिरंजीवांनी काही न बोलता मला मागे ओढलं.

दुसरा उपाय व्हॅक्युम क्लीनर. तोही नामंजूर, घरगुती क्लीनरच्या नळीवर स्थिर वीज साठते आणि तिचा एक चटका नाजूक चिपला पुरतो म्हणे.

तिसरा उपाय तूप गाळायचं मलमलचं फडकं. ते आम्ही सांगाड्याभोवती घट्ट गुंडाळलं. धूळ थांबली, पण तिच्याबरोबर हवाही थांबली. तासाभरात यंत्र असं तापलं की शेजारच्या कपाटातली मेणबत्ती वाकली. गाळणीचा हा धर्मच आहे. जितकी बारीक तितकी धूळ कमी आणि जितकी बारीक तितका वाराही कमी. शिवाय गाळणी स्वतः धुवावी लागते. न धुतली तर ती भिंत होते.

चौथा उपाय मी गुपचूप केला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर आहे. दोन कार्डं पिशवीत घातली, स्कूटर काढली आणि ती कार्डं त्याच्यापुढे धरली. त्यानं मान तिरपी करून ती न्याहाळली आणि विचारलं, "काका, यात किती हवा भरू?"

त्यानं नळी लावली. पंखे जत्रेतल्या भिंगरीसारखे फिरले, धुळीचा लोट उठला, दोघांनाही समाधान वाटलं. पैसेही त्यानं घेतले नाहीत. घरी आल्यावर त्यातला एक पंखा जुन्या लाकडी पाळण्यासारखा कुरकुरायला लागला. मग चिरंजीवांचं व्याख्यान झालं. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा असतो. मोकळा सोडला तर बेअरिंगला झेपणार नाही इतक्या वेगानं फिरतो. शिवाय वाऱ्यानं फिरवलेली मोटर स्वतःच वीज तयार करते आणि ती उलटी कार्डात घुसू शकते. त्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं असतं, त्याचा फवारा वेगळाच. मी म्हणालो, "हे आधी सांगायचं."

"तुम्ही पंक्चरवाल्याकडे जाल हे मला कसं कळणार, बाबा?"

खरा उपाय अखेर त्यानंच केला. जुन्या लोखंडी कपाटाचा कप्पा काढून पेटी केली. खाली एकच खिडकी, तिला धुता येणारी जाळी आणि आत हवा ढकलणारे दोन मोठे पंखे. वर गरम हवेला बाहेर जायची वाट, पण खालच्यापेक्षा लहान. म्हणजे बाहेर जाते त्यापेक्षा जास्त हवा आत ढकलायची. मग पेटीतला दाब थोडा चढा राहतो आणि प्रत्येक फटीतून हवा बाहेरच येते. फटीतून धुळीला आत शिरता येत नाही. दादरला लोकल थांबल्यावर उतरणारी गर्दी अंगावर येत असताना कुणी आत चढून दाखवावं, तसं ते.

ही युक्ती चालली. वरच्या वाटेनं गाळलेली, कोरडी, गरम हवा येऊ लागली आणि सौ.नं त्या झोतात साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या. आमच्या खाणीतून निघालेलं, हातात धरता येईल असं हे एकमेव उत्पादन. त्यांचा भाव मात्र कधी पडला नाही.

पण एक जाळी दर रविवारी धुवायची म्हणजे धुवायची. ती कोण धुणार? चिरंजीवांचं ऑफिसचं काम घरूनच चालू. त्यांना वेळ नाही. आमच्या कामाच्या मावशींनी एकदाच पाहून सांगितलं, "मी नाही बाई, ते गुरगुरतंय." उरलो निवृत्त मी. बँकेनं कधी दिलं नाही ते खातं मुलानं दिलं : धूळखातं.

दिवाळीच्या आधी मेहुणे आले. पेटीसमोर उकिडवे बसून त्यांनी बराच वेळ निरीक्षण केलं. मग म्हणाले, "भावोजी, आमच्याकडे खाणीची धूळ बाहेर जायची आणि लोक ओरडायचे. तुमच्याकडे बाहेरची धूळ खाणीत येते आणि मालक ओरडतो. फरक एवढाच." त्यांच्याकडे धूळ बसवायला टँकरनं रस्त्यावर पाणी मारायचे. तसं काही करता येईल का, असंही त्यांनी विचारलं. पेटीची वायर मी पायाखाली घेऊन उभा राहिलो.

मोठ्या खाणवाल्यांची तऱ्हा चिरंजीवांनी तेव्हाच सांगितली. तिकडे गोदामंच्या गोदामं भरून यंत्रं असतात. बिटकॉइनचं एक जुनं यंत्र, अँटमायनर एस-नाइन, एकटं तेराशे वॉटच्या वर खातं आणि त्याचे पंखे मिनिटाला सहा हजार फेऱ्यांपर्यंत जातात. घरात ठेवलं तर नवराबायकोचं भांडणही ऐकू येणार नाही. अशा गोदामांच्या आख्ख्या भिंती गाळण्यांच्या करतात. आणि टेक्सासात रॉकडेल नावाच्या गावी तर यंत्रं टाकीत, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवतात. पंखे नकोत, हवा नको, म्हणजे धूळही नको.

सौ. आतून म्हणाली, "लोणच्यावर तेलाचा थर ठेवतात तो कशाला? हवा लागू नये म्हणून. यात टेक्सासनं नवीन काय केलं?" त्यानंतर पेटीजवळ शेंगतेलाचा डबा ठेवायला चिरंजीवांनी मनाई केली.

4 नोव्हेंबर 2021, लक्ष्मीपूजन. इथर तेव्हा चढत्या भावात होता. चिरंजीवांनी पेटीला झेंडूची माळ घातली. एक पाकळी जाळीत अडकली आणि तापमान दोन अंशांनी चढलं. सौ.नं रिवाजाप्रमाणे नवी केरसुणी आणली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि पेटीच्या शेजारी उभी केली. "त्या लक्ष्मीला ही लक्ष्मी लागतेच," ती म्हणाली. मी जाळीतली पाकळी काढत होतो, त्यामुळे वाद घालायच्या स्थितीत नव्हतो.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते घडलंही लवकर. 1 एप्रिल 2022 पासून आभासी चलनाच्या नफ्यावर तीस टक्के कर आला. विकत घेतल्याच्या किमतीखेरीज कुठलाही खर्च वजा करायचा नाही. वीज नाही, पंखे नाहीत, ब्रश नाही. माझी मजुरी तर नाहीच. मग भाव घसरला. आणि 15 सप्टेंबर 2022 ला इथरवाल्यांनी आकडा ओळखायची शर्यतच बंद केली. वही आता ठेव ठेवणारे लिहिणार, खाणवाले नकोत. आदल्या रविवारी मी जाळी साबणानं धुऊन वाळवली होती. इतकी स्वच्छ ती कधीच नव्हती.

बँकेच्या सवयीनं मी हिशेब मांडला. आलेली नाणी एका बाजूला. कार्डं, वीज आणि कर दुसऱ्या बाजूला. बेरीज ताडली, फरक निघाला आणि तो दहा पैशांचा नव्हता. पाच कार्डं गेम खेळणाऱ्या पोरांनी निम्म्या किमतीत नेली. कुरकुरणारं कार्ड कुणी घेतलं नाही.

सराफांच्या गल्लीत पूर्वी झारेकरी असायचे. दुकानातला केर विकत घ्यायचे, धुवायचे आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे. म्हणजे खऱ्या सोन्याच्या धंद्यात केरालाही गिऱ्हाईक असतं. आमच्या खाणीच्या तळाशी श्रीखंडाचा डबा भरेल एवढी धूळ निघाली. ती घेऊन मी घंटागाडीपाशी गेलो. गाडीवरच्या बाईंनी विचारलं, "ओला की सुका?" म्हटलं, "सुका." त्यांनी घेतला, पण पैसे मात्र महिन्याचे माझ्याकडूनच घेतले.

यंदाही लक्ष्मीपूजनाला केरसुणी आणली. ऐंशी रुपये. तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कुणी घरबसल्या पैसा काढायचं यंत्र आणणार असेल, तर भाव, कर, वीज हे सगळं नंतर विचारा. आधी एवढंच विचारा की रविवारी जाळी कोण धुणार. घरातले सगळे तुमच्याकडे बघायला लागले, तर ते यंत्र आणू नका.