ऑफिस टाइमची लागवड : बियांपासून आणि नियमानुसार

सदर मार्गदर्शन वडाळा व परिसरातील ग्रिलधारक रहिवाशांसाठी आहे. ऑफिस टाइम, शास्त्रीय नाव पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा, मूळ गाव दक्षिण अमेरिका, सध्याचा पत्ता मुंबईतली कुठलीही फुटकी बादली. हे झाड वीतभर उंच होण्याआधीच आडवं पसरतं आणि कुंडीच्या काठावरून खाली लोंबायला लागतं.

नियम १. फांदी आणू नये. बोटभर फांदी ओलसर मातीत खोचली की ती मूळ धरते, हे खरं आहे. अख्ख्या वडाळ्यात हे झाड असंच पसरलंय, शेजारणीकडून मागून किंवा न मागता. म्हणून तर बियांपासून लावण्याला प्रतिष्ठा. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मात्र याला 'नसती उठाठेव' म्हणतात. ते गोदीतून निवृत्त झाले आहेत, तळमजल्यावर राहतात आणि त्यांचा उल्लेख यापुढेही येत राहील. त्याला इलाज नाही.

नियम २. पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, थंडी सरल्यावर करावी. एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया बसतात, यावरून आकाराची कल्पना यावी. पेरण्यापूर्वी पंखा बंद करावा. घरातल्यांना 'काय करतोयस?' असं जवळ येऊन विचारू देऊ नये, कारण त्या प्रश्नाच्या वाऱ्यानेही निम्मी बाग सोफ्याखाली जाते. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून, दुमडलेल्या कागदावरून टिचकी मारत भुरभुरावं. मासळीवाल्यांकडचा थर्माकोलचा खोका यासाठी उत्तम. तळाला भोकं पाडावीत आणि आधी तो चांगला धुवावा, नाहीतर पहिले मांजर उगवतं.

नियम ३. बी मातीने झाकू नये, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. तळहाताने हलकं दाबावं आणि गप्प बसावं.

नियम ४. पाणी. झारीने ओतलं तर बिया एका कोपऱ्यात गोळा होऊन सभा भरवतात. फवारा मारावा किंवा खोका पाण्याच्या परातीत ठेवून माती खालून भिजू द्यावी. दुसरी पद्धत आम्ही सेक्रेटरींमुळे स्वीकारली. ग्रिलमधून ठिबकणारं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यावर पडलं. संध्याकाळी फळ्यावर 'काही सभासद' अशी सुरुवात असलेली नोटीस लागली. काही सभासद म्हणजे कोण, हे सगळ्या जिन्याला माहीत होतं. आता, ज्या इमारतीची गच्चीवरची टाकी रोज सकाळी ओसंडून वाहते, तिथे चार थेंबांची नोटीस निघावी... असो. हा विषय मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा आहे.

नियम ५. आठवडा-दोन आठवड्यांत हिरवी नखं दिसतील. त्यातली निम्मी घोळाची असू शकतात. घोळ या झाडाचा सख्खा भाऊबंद, लालसर देठासकट लहानपणी तस्साच दिसतो. थोडं वाढू द्यावं. पानं चपटी झाली तर घोळ, सुईसारखी गोल राहिली तर ऑफिस टाइम. घोळ उपटून फेकू नये, मुगाची डाळ घालून भाजी करावी.

नियम ६. खत जास्त घालू नये. पानं माजतात, फुलं रुसतात.

नियम ७. निदान पाच-सहा तास कडक ऊन हवं. फाइव्ह गार्डन्सची सावली माणसांसाठी आहे. आणि इथेच या झाडाची मुख्य अडचण सुरू होते. ते ऊन चढल्यावर फुलतं आणि दुपार कलली की मिटतं. आपण सकाळी कळ्या पाहून हार्बरची गाडी पकडतो, संध्याकाळी परततो तेव्हा पाकळ्यांच्या सुरकुतलेल्या पुड्या उरलेल्या असतात. उरला रविवार, तर त्या दिवशी नेमकं ढगाळ असतं आणि ढगाळ हवेत ते धड उमलतच नाही. थोडक्यात, ऑफिस टाइम फुललेलं बघायला माणूस ऑफिसातून निवृत्त व्हावा लागतो. रोज संध्याकाळी जिन्यात सेक्रेटरी न विचारता सांगतात, 'आज तुमची राणी रंगाची सात, पिवळी तीन. पांढऱ्याने दांडी मारली.' फुलातल्या केसरांना हलकेच बोट लावलं की ते बोटाकडे झुकतात, हेही त्यांनीच दाखवून दिलं. नोटिशीवर सही करणारं तेच बोट.

नियम ८. पावसाळा या झाडाला मानवत नाही. आषाढीला वडाळ्याच्या विठोबापुढे रांग लागते, तोवर देठ मऊ पडून कुजायला लागतात. कुंडी छपराखाली घ्यावी. तरीही गेलं तर गेलं, हट्ट धरू नये.

नियम ९. म्हणून बी आधीच धरावं. फूल गेल्यावर राहिलेलं बारीक बोंड पिकलं की त्याचं टोपण आपोआप सुटतं, आत करड्या चकचकीत बिया दिसतात. त्याच सकाळी ते आगपेटीत उलटं करावं. उशीर झाला तर बी वाऱ्यावर जातं. आमचं गेलं ते थेट तळमजल्यावर, सेक्रेटरींच्या ओट्याच्या फटीत. तिथे ना माती ना खत, पण दिवसभराचं ऊन. माझ्या खोक्यापेक्षा दुप्पट फुलं आहेत. विचारलं तर म्हणाले, 'नोटीस पाणी गळण्याची होती. बी गळण्याबद्दल सोसायटीचं काही म्हणणं नाही.'

दुहेरी पाकळ्यांच्या फुलाचं बी धरलंत, तर पुढल्या पिढीत काही झाडं एकेरी निघतील, ते चालवून घ्यावं. ज्यांना बी हवं असेल त्यांनी पाऊस लागण्याआधी रिकामी आगपेटी घेऊन यावं. फांदी हवी असेल तर तळमजल्यावर मागावी, पण दुपारी दोननंतर बेल वाजवू नये.