अज्ञान पालनकर्ता

अपत्य नसणे किती महाग पडू शकते, याची नोंद ज्याच्या इतिहासात राज्याच्या किमतीसह सापडते, असे गाव माझ्या माहितीत एकच आहे, आणि ते म्हणजे आमचे सातारा. १८४८ साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज औरस संततीवाचून निवर्तले, अंतकाळी त्यांनी केलेले दत्तकविधान लॉर्ड डलहौसीने नामंजूर केले, आणि एका पाळण्याच्या अभावी अवघे राज्य खालसा झाले. दत्तके नाकारून संस्थाने गिळण्याच्या डलहौसीच्या त्या सुप्रसिद्ध धोरणाचा पहिला घास आमचाच. त्यामुळे कोणी मुलांच्या वाढत्या खर्चाविषयी माझ्यापाशी कुरकुर करू लागला, म्हणजे मी त्यास अजिंक्यतारा किल्ल्याकडे बोट दाखवून या दुसऱ्या बाजूच्या खर्चाचे स्मरण देतो. या युक्तिवादाने कोणाचे समाधान झाल्याचा मात्र अनुभव नाही. शाळेची फी भरून नुकत्याच बाहेर पडलेल्या मनुष्याच्या ठायी इतिहासाची गोडी फारशी शिल्लक राहिलेली नसते.

माझी स्वतःची हयात सरकारी कोषागारात, म्हणजे परक्या पैशाची मोजदाद करण्यात आणि तो आपला नव्हे याची रोज सायंकाळी खातरजमा करून घेण्यात गेली. अशा मनुष्याच्या घरी कन्या जन्मास आली असता त्याने पहिल्याच आठवड्यात तिच्या नावाची, लाल कापडी बांधणीची खतावणी उघडावी, यात नवल ते काय? पहिल्या पानावर सातबाराच्या शिरस्त्याप्रमाणे खातेदार म्हणून तिचे नाव घातले, त्याखाली अज्ञान पालनकर्ता म्हणून माझे लिहिले, आणि डाव्या हातास जमा व उजव्या हातास नावे असे दोन रकाने ठळक शाईने आखले. उजवा रकाना त्याच दुपारी भरू लागला. डाव्या रकान्यात काय लिहावयाचे, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे विचाराधीन राहिला.

पहिले बाळंतपण माहेरी, या आपल्या प्राचीन आणि जावयाच्या दृष्टीने अत्यंत न्याय्य अशा रूढीस अनुसरून कन्येचा जन्म सांगलीस झाला. आमचे श्वशुर अण्णा हे तेथील हळदीच्या एका अडत पेढीवर दिवाणजी होते, आणि हिशेबाच्या बाबतीत आम्हा उभयतांचे पंथ अगदीच भिन्न. सरकारी पंथ म्हणतो की रोजचा हिशेब रोज मिटला पाहिजे. बाजाराचा पंथ म्हणतो की हिशेब मिटला म्हणजे व्यवहार संपला. बाळगुटीचे सामान घेताना मी मुरडशेंग, वेखंड आणि जायफळ यांच्या किमती स्वतंत्रपणे टिपल्या आणि हळकुंडासमोर 'आजोळकडून, सबब खर्च नाही' असा शेरा मारला, तेव्हा अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून ती खतावणी बराच वेळ न्याहाळली.

"जावईबापू," ते म्हणाले, "हरिपुरास जाऊन आमची पेवे एकदा बघून या. जमिनीच्या पोटात हळद घालतात, तोंड मातीने लिंपतात, आणि मग वर्षे लोटली तरी कोणी आत डोकावत नाही. तुमच्यासारखा माणूस रोज झाकण काढून वास घेत बसला असता तर सांगलीची पेठ केव्हाच बुडाली असती. लेकरावरचा पैसा पेवातला समजा."

मी त्यांना त्या वेळी उत्तर दिले नाही, कारण जेवावयास बसावयाचे होते. परंतु पुढे २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्याच पेवांत शिरून हळदीची नासाडी झाली, तेव्हा सांत्वनाच्या पत्रात मी अखेरच्या ओळीत, अत्यंत आदरपूर्वक, सरकारी पंथाचा मुद्दा मांडलाच. त्यांचे उत्तर आले नाही, नातीसाठी भडंगाचा डबा आला आणि वर चिठ्ठी, "याची नोंद करू नये." पेवाच्या दृष्टान्तातील एक भाग मात्र मला फार उशिरा उमगला. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही, कारण आतली कोंडलेली हवा जिवावर बेतते. ती बराच वेळ मोकळी होऊ द्यावी लागते. चौदा वर्षांच्या मुलीच्या खोलीचे दार उघडणाऱ्या पित्याने हे ज्ञान आधीच संपादन केलेले असावे.

अण्णांनी अडत बाजारातील आणखी एक प्रथा माझ्या घरात रुजविली, ती उचलीची. शेतकरी येणाऱ्या पिकाच्या भरवशावर अडत्याकडून आगाऊ रक्कम उचलतो, त्याच न्यायाने नात दर मे महिन्यात आजोबांकडून पुढील वार्षिक परीक्षेतील गुणांच्या भरवशावर उचल घेऊ लागली. एका वर्षी गणिताचे पीक साफ बुडाले. कर्जदार अज्ञान असल्यामुळे वसुली पालनकर्त्याकडून, असा निर्वाळा अण्णांनी दिला, आणि माझ्याच कन्येने आपल्या अपयशाबद्दल माझ्याकडून वसूल झालेल्या रकमेचा बर्फाचा गोळा माझ्यासमोर खाल्ला.

सरकारनेही मुलांच्या खर्चाच्या प्रश्नाचा आपल्या परीने विचार केलेला आहे. आयकराच्या नियमांत वर्षानुवर्षे अशी तजवीज होती की मुलाच्या शिक्षणासाठी मिळणारा भत्ता दरमहा १०० रुपयांपर्यंत करमुक्त, मूल वसतिगृहात असल्यास आणखी ३०० रुपयांपर्यंत, आणि ही कृपा दोन अपत्यांपुरतीच. ज्या काळात १०० रुपयांस पावशेर कंदी पेढे मिळविणेही कठीण होऊन बसले, त्या काळात त्याच रकमेत महिनाभराचे शिक्षण उरकावयाचे, ही कल्पना ज्याला सुचली तो अधिकारी एकतर निपुत्रिक असावा किंवा त्याच्या घरचा हिशेब त्याची पत्नी पाहत असावी. अलीकडची 'लेक लाडकी' योजना मला अधिक समंजस वाटते. १ एप्रिल २०२३ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या, पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरांतील मुलींना जन्मतः ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये, अशी एकूण १ लाख १ हजारांची ती मांडणी आहे. वरचे ते एक हजार पाहून मला भरून आले. पाकिटावर रुपया चिकटविल्याखेरीज आहेर करू नये, हे शासनाच्या वित्त विभागासही ठाऊक आहे तर!

आता जमेच्या बाजूची कथा. कन्या वाचू-लिहू लागली त्या वर्षी दिवाळीत अंगणात किल्ला झाला. बुरुजांवर अळीव पेरले होते, कुंभारवाड्यातून आणलेले मावळे जागोजाग उभे होते, आणि सिंहासनावरील महाराजांपेक्षा आकाराने मोठा असा एक वाघ गुहेत बसला होता. सायंकाळी कचेरीतून परतताच मला वहीच्या फाडलेल्या पानावर एक सनद मिळाली: 'बाबांना किल्याचे पाहारेकरी नेमले आहे. पगार रोज एक करंजी. झोपल्यास काढून टाकू.' सेवाशर्तींची इतकी सुस्पष्टता मला शासनाच्या एकाही परिपत्रकात आढळलेली नाही. दुर्दैवाने दुसऱ्याच रात्री एका मांजराने दक्षिण दरवाजाकडून चढाई करून मावळ्यांची दाणादाण उडविली, माझी नोकरी गेली, सकाळी चौकशी झाली आणि मांजर पूर्वपरवानगीवाचून आले होते असे निष्पन्न झाल्यावर मला मागील वेतनासह कामावर परत घेण्यात आले. त्या दोन करंज्या मी जमा रकान्यात लिहावयास बसलो, तोच ध्यानात आले की त्या माझ्याच घरच्या रव्याच्या असून त्यांचा खर्च समोरच्या पानावर आधीच पडलेला आहे. तीच करंजी नावे आणि तीच जमा, हे कोणत्याही लेखासंहितेत बसणारे नव्हते. मी सनद तेवढी डाव्या पानावर डकविली आणि रकमेची जागा कोरी ठेवली.

मुलांपासून मिळणाऱ्या आनंदाविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि त्यातील बहुतेक मजकूर मुले झोपल्यावर लिहिला जात असावा, अशी माझी दृढ शंका आहे. आमच्या घरी त्या आनंदाचा शोध सौभाग्यवतीस लागला, आणि तोही चुकीच्या रकान्यात. दुपारी सर्व निजानीज झाल्यावर ती माझी खतावणी उघडून बसते आणि एकटीच हसते, हे मला एकदा रजेवर असताना दिसले. ती खर्चाची बाजू वाचीत होती. 'रबरी बूट, जोड १. शेरा: पैकी एक कृष्णामाईस अर्पण, संगम माहुली.' 'पाटी १, मागील पाटीवर स्वतः बसल्यामुळे.' 'छत्री १, जुनी छत्री बेडकास निवाऱ्यासाठी दिली असून परत घेण्यास नकार.' 'डॉक्टर, रात्रीची भेट. शेणगोळ्याएवढी बाहुली शेजारी झोपविल्याशिवाय औषध घेतले नाही.' मी लेखनियमांस अनुसरून प्रत्येक रकमेसमोर कारण नमूद करीत गेलो होतो, एवढेच. परंतु रकमा पुसट झाल्या होत्या आणि कारणे मात्र जशीच्या तशी होती.

तरीही साताऱ्यात राहून स्वतःच्या एका मुलीचा हिशेब मांडीत बसणे हे थोडे संकोचाचे काम आहे, हे नमूद केले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यास रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यास आणली, आणि जातिपातीचा विचार न करता खेड्यापाड्यांतील मुले एका पंक्तीस बसवून जेवू घातली. वसतिगृहाची कोठी रिकामी होई तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपला दागिना काढून देत, आणि अखेरीस मंगळसूत्रही याच कारणी लागले. त्या बाईंनी पोसलेल्या मुलांत स्वतःची किती आणि लोकांची किती, अशी फाळणी कोणत्याही वहीत सापडावयाची नाही. संस्थेच्या वडाच्या बोधचिन्हाखालून जाताना मी माझी खतावणी पिशवीत असल्यास ती दुसऱ्या हातात घेतो.

पुढे कन्या सांगलीस विश्रामबागेच्या वालचंद महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकावयास गेली, आजोळी राहिल्यामुळे वसतिगृहाचा खर्च वाचला आणि भडंगाचा वाढला, आणि यथावकाश तिला पुण्यास नोकरी लागली. सांगली संस्थानाचा इतिहास मला ठाऊक असल्यामुळे मी खरे तर सावध असावयास हवे होते. चिंतामणराव पटवर्धन लहान असताना मिरजेचा कारभार चुलते गंगाधररावांनी पाहिला. पुतण्या वयात आल्यावर हक्कांवरून बिनसले, वाटणी झाली, आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणराव मिरजेतून निघाले ते घराण्याचा गणपती बरोबर घेऊन, असे सांगतात. म्हणजे सांगली हे संस्थानच मुळी सज्ञान झालेल्या पाल्याने आपल्या पालनकर्त्यापासून वेगळे होऊन उभे केलेले, आणि तेथे जन्मलेल्या मुलीकडून निराळी अपेक्षा करणे व्यर्थ होते.

एका रविवारी सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. कन्येच्या हातात यादी होती: आजीचा पितळी डबा, खलबत्ता, जुना कुकर, देव्हाऱ्यातील लहान गणपती, माझा ट्रान्झिस्टर, आणि शेवटी, खाली दोन रेघा ओढून, लाल कापडी खतावणी.

"ती कशाला?" मी विचारले.

"खातेदार मी आहे, बाबा," ती म्हणाली. "आता सज्ञान झाले. दप्तर ताब्यात द्या."

कायद्याच्या दृष्टीने तिचे म्हणणे बिनतोड होते. मी यादीवर 'मंजूर' असे लिहून सही केली, खतावणीचे शेवटचे पान उघडले, आणि टेम्पोचे भाडे तिच्या नावे टाकले.