पंख फुटले, दार अडलं

नवी मुंबईतल्या सीवूड्सला पंखांचं कौतुक नवं नाही. फ्लेमिंगो उतरले की डीपीएस तलावाकाठी कॅमेऱ्यांची रांग लागते. आता मोटारींनाही पंख फुटलेत. जुलै २०२५ मध्ये एमजीने भारतात सायबरस्टर आणली. किंमत पंचाहत्तर लाखांच्या घरात. बटण दाबा, दारं सावकाश आभाळाकडे जातात. गाडीतून उतरणं हा आता कार्यक्रम झाला आहे. प्रेक्षक आपण, आणि हॉर्न मारत मागे अडकलेली रिक्षा.

असल्या दारांची मूळ कहाणी मात्र नाइलाजाची आहे. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलचा नळ्यांचा सांगाडा बाजूंनी इतका उंच होता की नेहमीचं दार बसेना, म्हणून ते छपराला टांगलं. लंबोर्गिनी काउंटाशमधून मागचं काही दिसत नसे. वर जाणाऱ्या दारामुळे चालकाला बाहेर वाकून गाडी मागे घेता येई. आपल्याकडे ही सोय वॉचमन पुरवतो, ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत. पुढे मर्सिडीजने एसएलएस काढली. ती उलटली तर छपराला टांगलेली दारं उघडणार कशी? उत्तर सापडलं : बिजागऱ्यांत स्फोटक बोल्ट. गाडी उलटली की दारं उडवून द्यायची! आधी कोडं घालायचं आणि मग ते सुरुंगाने सोडवायचं, याला प्रगती म्हणतात.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे पंख उपयोगी पडतील, असं विक्रेते सांगतात. हिशेब करू. बांधकाम नियमावलीप्रमाणे एका गाडीला जागा अडीच मीटर रुंद. सायबरस्टर १.९१ मीटर. उरले दोन्ही अंगांना तीस-तीस सेंटिमीटर. दार वर जातं, कबूल. पण मालक वर जात नाही. त्याला पोटासकट त्याच तीस सेंटिमीटरमधून निघायचं असतं. वर स्टॅक पार्किंगची लोखंडी फळी असेल तर दारही वर जात नाही. आणि ३०० एसएलसारखं छपरासकट उघडणारं दार जुलैच्या पावसात उघडलंत, तर सीटवर छोटा डीपीएस तलाव तयार. फ्लेमिंगोंची सोय झाली.

या सगळ्या प्रकारांत शहाणं दार एकच, सरकणारं. एमजीच्याच एम नाइनची मागची दारं विजेवर सरकतात. गुडघे दुखणाऱ्या आजींना ऐसपैस वाट मिळते, शेजारच्या गाडीला पोचा पडत नाही. यात थट्टा करण्यासारखं काही नाही. एम नाइन बाजारात आली तेव्हा किंमत ६९.९० लाख होती, एवढं सोडून. कारण हेच दार मारुतीने १९८४ मध्ये आपल्या व्हॅनला, म्हणजे पुढच्या ओम्नीला, दिलं होतं, हाताने ओढायचं. त्याच्या जोरावर शाळेच्या व्हॅनवाल्या काकांच्या दोन पिढ्या जगल्या आणि हिंदी सिनेमातल्या अपहरणकर्त्यांचा धंदा चालला. सेन्सर, मोटर असलेलं आणि टुणटुण वाजणारं एम नाइनचं दार या अपहरणकर्त्यांनी कधीच घेतलं नसतं. धंद्याला वेळेची किंमत असते.

इथवर हसण्यावारी नेता येतं. दारात लपणाऱ्या हँडलचं तसं नाही. टेस्लाचं शोरूम जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या बीकेसीत उघडलं. भारतातली पहिली मॉडेल वाय घेतली ती राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी. ज्या खात्याच्या एसटीचं दार शेवटचा प्रवासी धाडकन ओढतो आणि मग कंडक्टर डबल बेल देतो, त्या खात्याचे मंत्री. मॉडेल वायमध्ये दार बटणाने उघडतं. वीज गेली तर मागच्या प्रवाशाने दाराच्या खणातली चटई उचलायची आणि खालची केबल ओढायची. धूर भरत असताना चटई शोधणारा प्रवासी कंपनीला कुठे भेटला, कोण जाणे. अमेरिकेत २०२१ च्या मॉडेल वायची दारं बाहेरून उघडत नसल्याच्या तक्रारींवर सरकारी चौकशी सुरू झाली. पोर आत, आईबाप बाहेर, शेवटी काच फोडली. चीनने तर १ जानेवारी २०२७ पासून नव्या मॉडेलना आतून आणि बाहेरून हाताने चालणारी कळ सक्तीची केली. आपल्याकडे टाटा, महिंद्रच्या नव्या गाड्यांचीही हँडलं दारात लपू लागली आहेत. फॅशन बघून घेतली, नियम बघायचा राहिला.

पाम बीच रोडवर गाडी धडकली तर अग्निशमन दलाच्या आधी धावतो तो रिक्षावाला नाहीतर दुचाकीवरचा पोरगा. त्याच्या हाताला धरायला काहीतरी हवं.

आणि स्वयंचलित दारांची खरी गरज बघायची असेल तर सीवूड्सच्या मॉलमधून जिना उतरा. खाली सीवूड्सचं स्टेशन आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलमधून माणसं पडून मेली, तेव्हा कुठे रेल्वेने नव्या लोकलना आपोआप मिटणारी दारं लावायचं जाहीर केलं. वर आपोआप उघडणाऱ्या दाराला पाऊण कोटी, खाली साध्या लोकलच्या आपोआप मिटणाऱ्या दाराला आश्वासन.

तेव्हा मंत्रिमहोदय, दोनच मागण्या. बाहेरून कुणालाही हाताने उघडता येणार नाही, अशा गाडीची नोंदणी आपल्या आरटीओत होऊ देऊ नका. आणि एक दिवस टेस्ला घरी ठेवून सकाळी साडेआठची पनवेल-सीएसएमटी पकडा, दारातली जागा मिळाली तर.