मनगटावरचा पंच

टिळक तलावावर सकाळच्या बॅचला हल्ली पोहणाऱ्यांपेक्षा त्यांची घड्याळंच जास्त राबतात. आतला प्रवेगमापक हाताचे फटके मोजतो, भिंतीला रेटून वळलात की फेरी धरतो. वेग मात्र घड्याळ तलावाच्या तुम्हीच भरलेल्या लांबीवरून काढतं. २५ मीटरच्या जागी ५० भरा, काका क्षणात दुप्पट वेगवान! फळी धरून निमूट पाय मारणाऱ्याची नोंद बहुधा शून्य. उथळ पाण्यात उभं राहून, हातवारे करत महापालिकेचा समाचार घेणाऱ्यांना मात्र थोडीफार आशा आहे. खऱ्या वेगाचं म्हणाल, तर मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्ण आणलं. बिचाऱ्यांना तलावाची लांबी स्वतः भरायची सोय नव्हती.